सुमनकाकूंची पाळत

सुमनकाकू दुकानात शिरल्या की दुकानदार आधी तराजू नीट करायचा. पंचवटीतल्या आमच्या या शेजारीण हळद बोटांवर चोळून बघत, तुपाचा डबा नाकाशी धरत आणि दुकानदार फारच गोड बोलू लागला तर काही न घेताच बाहेर पडत. "एवढं लाघवी बोलतोय, नक्की कालचा माल खपवायचाय," असं मला जिन्यावर सांगत.

घरातही तेच. नामपूरची वैशाली सून म्हणून आली, तेव्हापासून काकू स्वयंपाकघराच्या दारात उभ्या. "मी बोलते कुठे काय, नुसती बघते." त्या नुसत्या बघण्यानेच वैशाली रडकुंडीला येई.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मेनरोडवरच्या भांड्यांच्या दुकानातून आणलेला नवा कुकर एका सकाळी फुटला. झाकण छताला आदळलं. वैशालीचा हात आणि गळा भाजला.

"सूनबाईंनी शिटी साफ केली नसेल," कुकर विकणारा दुकानदार म्हणाला. नातेवाइकांनी माना डोलावल्या. वैशालीच्या नवऱ्यालाही तेच पटलं. दुकानदाराने नवा कुकर देऊ केला. फक्त 'वापरताना आमची चूक झाली' असं लिहून द्यायचं आणि फुटलेलं झाकण तपासणीसाठी दुकानात सोडायचं.

"घे ना आई, कशाला वाद?" मुलगा म्हणाला.

"न मागता देतोय म्हणजे घाबरलाय. आणि हे झाकण एकदा त्याच्याकडे गेलं, की येताना दुसरंच येईल."

झाकण जुन्या साडीत गुंडाळून काकूंनी कपाटात कुलूपबंद केलं आणि मला सोबत घेऊन ग्राहक मंचात तक्रार केली. मी ओळखीचा वकील सुचवला, तर त्यांनी मलाच विचारलं, "तो दुकानदाराच्या ओळखीचा नाही कशावरून?"

सुनावणीत दुकानदाराच्या वकिलाने हसत विचारलं, "सुनेवर एवढा विश्वास आहे तुमचा?"

"अजिबात नाही," काकू म्हणाल्या. "म्हणून तर रोज तिच्या मागे उभी असते. त्या सकाळी तिने शिटी धुतली, उजेडाकडे धरून आरपार बघितली, मगच लावली. मी चूकच शोधत होते. सापडली नाही."

वकिलाचं हसू मावळलं. गळ्याभोवती पदर घेऊन बसलेल्या वैशालीने मान वर केली आणि सासूकडे बघतच राहिली.

पुढे तपासणीत कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह नकली निघाला. निकाल वैशालीच्या बाजूने लागला. नातेवाईक पेढे मागायला आले, तेव्हा काकूंनी त्यांना दारातच सांगितलं, "आधी तिची माफी मागा, मग आत या."

काही वर्षांनी काकू अंथरुणाला खिळल्या. औषधाच्या बाटलीवरची तारीख स्वतः वाचल्याशिवाय त्या घोट घेत नसत. डॉक्टरांच्या हातून नाही, मुलाच्या हातून तर नाहीच. शेवटी दिसेनासं झालं. तेव्हा वैशाली चमचा पुढे करायची आणि काकू काही न विचारता तोंड उघडायच्या.