खोटे खांब

बहिणीचा फोन आला तेव्हा ओळंबाकाका दाढी करत होते.

"दादा, खालचा गाळा विकला ना, तिथे मधली भिंत पाडताहेत. त्या ठोकाठोकीनं डोकं उठलंय माझं!"

काकांनी वस्तरा खाली टाकला. "तू आधी खाली उतर. आत्ताच्या आत्ता!"

"अरे, गुडघ्याचं ऑपरेशन होऊन आठ दिवस नाही झाले. उतरू कशी?"

काका अर्ध्या दाढीनिशीच रिक्षात बसले.

इमारतीला सांगाडा कुठला द्यायचा हे ठरवण्यात काकांचा जन्म गेला होता. कॉलम-बीमचा, लोखंडी, की सरळ जाड भिंतींवरच छत टेकवायचं? भिंत सरळ उभी आहे का ते बघायचा दोरीचा ओळंबा कायम खिशात असायचा, म्हणून हे नाव. बहिणीच्या घराला त्यांनी भिंती निवडल्या. दोनच मजले, खोल्या लहान, जमीन दगडासारखी. निवड अगदी बरोबर होती हो! पण मेहुण्यांची हौस दांडगी. "शेजाऱ्याचं घर कॉलमवर, आणि माझं काय गोठ्यासारखं?" त्यांनी तोंड फुगवलं. मग नातं राखायला काकांनी कोपऱ्याकोपऱ्यांत विटांचे उंचवटे काढले, वर सिमेंट फासलं आणि खांब असल्याचा देखावा उभा केला. ते बघून इतरांनीही तसेच खांब मागितले. काकांनी नाही कशाला म्हणावं? शोभेची वस्तू, कुणाचं काय बिघडतं! नकाशात मात्र त्यांची कुठे नोंद केली नाही. पुढे मेहुणे गेले आणि ते खांब खोटे आहेत हे ठाऊक असलेले काका एकटेच उरले.

रिक्षात त्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र होतं. वरच्या पलंगावर बहीण, आणि पलंगाखालची भिंत कुणीतरी फोडतोय.

गाळ्यात शिरले तर भिंत निम्मी गेलेली. वर छताला बारीक तडा, आणि त्यातून पांढरी भुकटी गळत होती.

"थांबा!" काका ओरडले.

मुकादम हसला. "काका, घाबरता कशाला? चांगले चार-चार कॉलम आहेत की! ही भिंत म्हणजे नुसता आडोसा."

"ते कॉलम खोटे आहेत."

"काहीतरीच काय!"

काकांनी छिन्नी उचलली आणि एका खांबाचं सिमेंट हळूच खरवडलं. आत नुसत्या विटा, सळई नावाला नाही. मुकादमाच्या तोंडचं पाणी पळालं.

"कुण्या गाढवानं बांधलंय हे?"

"मी," काका म्हणाले.

मग मुकादमानं एक शब्द वाया घालवला नाही. छताखाली लोखंडी टेकू लागले. चौघांनी बहिणीला खुर्चीसकट जिन्यावरून उतरवलं. ती डोळे गच्च मिटून बसली होती आणि काका प्रत्येक पायरीला छताकडे बघत होते. ती रस्त्यावर आली तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडला.

काकांनी तिला सगळं सांगितलं. लपवण्यासारखं आता राहिलं तरी काय होतं!

"असं किती घरांत केलंस?" तिनं विचारलं.

"अकरा."

"मग इथे उभा काय राहिलास? जा ना!"

पहिलं घर दोन गल्ल्या सोडून होतं. काकांनी बेल दाबली. दार एका हसऱ्या बाईनं उघडलं. आत पाहुण्यांची गडबड चालू होती.

"तुमच्या घराचे खांब मी बांधलेत," काका एका दमात म्हणाले. "ते खोटे आहेत. मधल्या भिंतीला हात लावू नका."

बाईंना नीट ऐकूच गेलं नसावं.

"मधली भिंत ना? ती तर गेल्या वर्षीच काढली," त्या कौतुकानं म्हणाल्या. "या ना आत, बघा तरी, हॉल कसा ऐसपैस झालाय! वरही पंचवीस-तीस माणसं बसलीत."