डावेरावांची कुरकुर

मिलिंदचा फोन आला तेव्हा मी रिक्षात होते, हॉस्पिटलच्या वाटेवर. मांडीवर मऊ भाताचा डबा होता. "ताई, सावकाश ये," एवढंच तो म्हणाला. आमच्या घरात कुणी कुणाला सावकाश ये म्हणत नाही. "आज येणार आहेस की उद्या?" असं म्हणतात. त्यामुळे पुढचं त्याला सांगावं लागलं नाही. मी डबा घट्ट धरून बसून राहिले.

रेवा माझी भाची, मिलिंदची एकुलती एक मुलगी. सतरा पूर्ण व्हायला दोन महिने कमी होते. कसबा पेठेतल्या बिनलिफ्टच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही चौघं राहायचो... मिलिंद, त्याची बायको मेधा, रेवा आणि मी. या पुरवणीचे नियमित वाचक तिला ओळखतात. दीड वर्षापूर्वी मी इथेच तिच्या बुटांवर एक विनोदी लेख लिहिला होता. आज त्याच लेखाबद्दल लिहायचं आहे.

बूट साधे होते. कापडी, एकेकाळी पांढरे, एक नंबर मोठे. दुकानात पाय घातल्याबरोबर "आत्या, यांनी मला ओळखलं" म्हणाली आणि तेच पायात ठेवून घरी आली. आठवड्याभरात त्यांना नावं मिळाली, डावेराव आणि उजवेराव. दर रविवारी बापाच्या जुन्या टूथब्रशनं दोघांची आंघोळ व्हायची. खरेदीला वर्ष झालं त्या दिवशी तिनं दोघांपुढे एकेक पेढा ठेवला आणि नंतर दोन्ही स्वतःच खाल्ले. मावसबहिणीच्या लग्नात काठापदराच्या साडीखाली हेच बूट. मेधानं नवे सँडल आणले होते, ते पिशवीतच राहिले. मिलिंद म्हणाला, "हिचं लग्न आता या बुटांशीच लावून देऊ. स्थळ घरातलंच आहे, चौकशी नको." त्यावर रेवा शांतपणे म्हणाली, "पत्रिका जुळते बाबा, फक्त डावेरावांना थोडा मंगळ आहे."

आमचं घर असं आहे. आमच्याकडे रडगाणं चालत नाही. भाजी खारट झाली तर "समुद्र आज जवळ आलाय" म्हणायचं. ताप आला तर "हीटरचा खर्च वाचला". सरळ तक्रार करणाऱ्याला आमचे वडील "अर्ज लिहून द्या" म्हणायचे आणि ती सवय आम्ही दोघा भावंडांनी इमानेइतबारे पुढे चालवली. रेवा त्यातच वाढली. ती आमच्या सगळ्यांपेक्षा तयार होती याचा मला फार अभिमान होता.

अकरावीत गेल्यावर डावेराव कुरकुरायला लागले. "आज डावेरावांचा मूड नाही." "डावेराव जिना चढायला तयार नाहीत, जरा समजूत काढते." मग ती दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर बसायची, डाव्या बुटाची नाडी सैल करायची आणि खाली वाकून त्याच्याशी गंभीरपणे बोलायची. मी पिशव्या घेऊन शेजारी उभी राहून हसायचे. एकदा तर घरी येऊन ते सगळं वहीत टिपून ठेवलं आणि त्याचाच लेख केला. पायरीवरची सल्लामसलत, सैल नाडी, न घातलेले सँडल, सगळं त्यात आहे. लेख लोकांना फार आवडला. रेवानं तो कापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.

कौतुकाच्या त्या सगळ्या पत्रांत एक पत्र वेगळं होतं. खडकीच्या एका निवृत्त नर्सबाईंचं. त्यांनी लिहिलं होतं, "लेख छान. मुलीचा डावा पाय दुखतो का, एकदा विचारावे. या वयात मुली अंगावर काढतात." मला ते वाचून रागच आला, खरं सांगते. विनोद कळत नाही आणि सल्ले देतात, असं वाटलं. मी उत्तर पाठवलं, "आपली काळजी पोचली. डावेराव ठणठणीत आहेत, उजव्यांना मात्र थोडा मत्सर वाटतो." ते पत्र आणि माझं उत्तर दोन्ही मी जेवताना मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे हसले. रेवाही हसली, जरा उशिरा. ती माझ्या समोरच बसली होती, हातभर अंतरावर. बाईंनी फक्त विचारायला सांगितलं होतं आणि मी विचारलं नाही.

चार महिन्यांनी ती त्या पायरीवर बसली ती उठलीच नाही. मिलिंदनं तिला पाठुंगळी घेऊन वर आणलं. मग तपासण्या, फोटो, आणखी तपासण्या. घोट्याच्या वर हाडात गाठ होती. पहिल्या दिवशी तरुण डॉक्टरांनी विचारलं, "कधीपासून दुखतंय?" मेधा म्हणाली, पंधरा दिवस. मिलिंद म्हणाला, महिना असेल. रेवा म्हणाली, "आत्याचा लेख काढा ना मोबाइलवर. सगळं आहे त्यात, वर तारीखपण आहे." तिच्या आवाजात कडवटपणा अजिबात नव्हता. तिला वाटलं, डॉक्टरांचं काम सोपं होईल. त्यांनी खरंच लेख शोधला आणि शेवटपर्यंत वाचला. एकदाही हसले नाहीत. मग कागदावर काहीतरी लिहिलं आणि माझ्याकडे न बघता पुढचं विचारू लागले.

नंतरचं वर्ष केमोचं आणि ऑपरेशनचं. ते मला लिहिता येणार नाही. मी डॉक्टरांना एकदा बाजूला घेऊन विचारलं, लेख छापला तेव्हाच आणलं असतं तर? ते म्हणाले, तसं नक्की सांगता येत नाही. त्यांनी नक्की काही सांगितलं असतं तर मला बरं वाटलं असतं, मग ते हो असो की नाही. मग एका दुपारी मी रेवालाच विचारलं, "तू सांगितलं का नाहीस गं?" ती म्हणाली, "सांगितलं की. रोज सांगत होते. तुम्ही हसायचात, मग मलापण वाटायचं की एवढं काही नसेल." आणि माझा चेहरा बघून तीच घाईनं म्हणाली, "अगं, भारी लेख होता पण." मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "अर्ज लिहून दे." मी हसले. काय करणार, हसूच आलं... आणि अजूनही रोज त्याची लाज वाटते.

बूट दाराशीच आहेत. मेधा त्यांना हात लावू देत नाही. डाव्याची नाडी वरच्या तीन भोकांतून काढलेली आहे, कापड एका बाजूनं ताणून फुगलंय. ते मी वर्षभर येता-जाता बघत होते.

गेल्या आठवड्यात मिलिंद मंडईतून भाजी घेऊन आला. पिशवी टेकवली, खुर्चीत बसला आणि म्हणाला, "आपल्या जिन्याला कुणीतरी एक पायरी जास्त लावलीये."

मी मेथीची जुडी बाजूला ठेवली. "कुठे दुखतंय?"

"कुठेच नाही."

"गुडघा का? दम लागतो का? छातीत काही होतंय का, नीट सांग."

मेधा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"ताई, काही दुखत नाहीये गं," तो म्हणाला. "गंमत केली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा केली."

"उद्या डॉक्टरांकडे जाऊन येऊ," मी म्हणाले.

त्यानं वाद घातला नाही. चप्पल काढून दोन्ही पाय पुढे केले. मी खाली बसले आणि गुडघ्यापासून घोट्यापर्यंत एकेक बोट दाबत विचारत गेले, इथे दुखतं का, इथे दुखतं का. तो प्रत्येक वेळी नाही म्हणत गेला.