डावी पाकळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, दादाला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. मग तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्ही कोरगावचे नाही म्हणून. उद्या सकाळी पोदेराचा भोंगा ऐकून पाव घ्यायला दारात गेलो, तर तिथे तुमची गाठ पडणार नाही — म्हणून असेल.

आमचं घर गोव्यात, कोरगावला, मागे काजूची बाग. माझी खोली स्वयंपाकघराला लागून, आणि मधली भिंत अशी, की पलीकडे फोडणी पडली की इकडे मला ठसका लागतो. तिथे जनेलापाशी — आमची आई खिडकीला जनेलच म्हणायची — बसून मी एका दूरच्या कंपनीचं काम करतो. तुम्ही घरबसल्या काही विकत घेता, पैसे भरायचं बटण दाबता, आणि एक चक्र फिरायला लागतं, ठाऊक आहे ना? ते फिरतं तेवढ्यात ठरत असतं, की तुमचे पैसे कुठल्या वाटेनं न्यायचे. या बँकेतून की त्या? स्वस्त वाटेनं की खात्रीच्या? एक वाट अडली तर दुसरीनं. हे ज्यांनी ठरतं ते नियम मी लिहितो.

लहानपणी मी चोपड्याला मामाकडे जायचो. तेव्हा पूल झाला नव्हता. नदीवर धुकं असायचं आणि धुक्यातून फेरीबोट यायची, माणसं घेऊन जायची, पुन्हा यायची. काठावर बसून मी तासन् तास तेच बघायचो. पुढे या कामात, दुपारी काजूच्या पानांतून ऊन हलत असलं आणि घर पेंगुळलेलं असलं की पडद्यावर पोचत्या पैशांचे हिरवे ठिपके मला त्या फेरीतल्या माणसांसारखे दिसायचे — निघाली, पोचली, निघाली, पोचली. फार सुख वाटायचं. खोटं कशाला बोलू, थोडा देव झाल्यासारखंही वाटायचं.

वहिनी साखळी गावची. लग्न होऊन आली तेव्हापासून काजूच्या कारखान्यात जायची. टरफलाचं तेल बोटांना लागतं, बोटं काळी पडतात, आणि कितीही घासली तरी तो रंग जात नाही. एके वर्षी तिनं ठरवलं — कारखाना सोडायचा. घरीच फणसाची साठं, म्हणजे फणसपोळ्या, घालायची, कोकमाची सोलं वाळवायची आणि ऑनलाइन विकायची. दुकान मी उभं करून दिलं. पैसे भरायची सोय आमच्याच कंपनीची लावली. दादा आधी हसला, मग म्हणाला, देवीला विचारूया.

आमच्याकडे असं काही ठरवायचं तर कौल लावतात. पुजारी पाण्यानं देवीच्या मूर्तीला फुलाच्या पाकळ्या चिकटवतो, उजवीकडे आणि डावीकडे. गाऱ्हाणं घालतो. मग सगळे हात जोडून वाट बघत उभे राहतात. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. वहिनीला उजवी मिळाली. घरी येऊन तिनं ती पाकळी माझ्या कम्प्युटरवर ठेवली. दुकान त्याच्यात आहे म्हणे, मग पाकळी देव्हाऱ्यात ठेवून काय उपयोग? मी दिवसभर तिची चेष्टा केली. पाकळी सुकून उडून जाईपर्यंत मात्र मी ती हलवली नाही.

त्या वर्षी आमच्या घराला वेगळाच वास होता. अंगणात सुपांवर साठं वाळायची. पुण्या-मुंबईला गेलेली आमच्याकडची माणसं मागवायची, आणि प्रत्येक मागणीला वहिनीचा फोन टिंग करून वाजायचा. भिंतीपलीकडून मला ते ऐकू यायचं. टिंग झालं की तिची बांगडी वाजायची. ती हात पुसून फोन उचलत असायची. एकदा पाहिलं — ती अंगणात एकटी उभी राहून स्वतःचे हात उन्हात धरून बघत होती. उलटे, सुलटे. बोटं उजळली होती. मी जनेलातून मागे सरलो. कुणाचा तरी आनंद चोरून बघतोय असं वाटलं.

मग कंपनीनं एक नवी वाट आणली. स्वस्त, पण तिच्यावरून अजून कुणी गेलेलं नव्हतं. ती पारखायचं काम माझ्याकडे आलं. नावंही मीच द्यायची होती, तेव्हा गंमत म्हणून जुन्या वाटेला ‘उजवी’ म्हटलं आणि नवीला ‘डावी’. बरोबरच्यांना मराठी येत नाही, त्यांना वाटलं, आमच्याकडच्या नद्या असतील. खरी गिऱ्हाइकं सोडल्याशिवाय वाटेची पारख होत नाही. कुणाची गिऱ्हाइकं सोडायची? साहेब म्हणाले, फार ओरडणार नाहीत अशी छोटी दुकानं निवड.

थांबा. इथवर आलो की मनातल्या मनातही मी दुसरीकडे वळतो. चोपड्याच्या धुक्यात जाऊन बसतो. पण आज सांगायचंच आहे ना?

वहिनीचं दुकान मी डावीवर टाकलं. गणपतीच्या चवथीच्या तोंडावर. तिची सगळी गिऱ्हाइकं. आणि एक वाट अडली तर पैसे आपोआप दुसरीवर वळतात, तो नियम मी त्या दुकानांपुरता बंद ठेवला — तो चालू असता तर डावी नेमकी कुठे अडते ते स्वच्छ दिसलं नसतं. तिचंच दुकान का? कारण ती कंपनीकडे तक्रार करणार नव्हती. विचारलंच तर मला विचारणार होती, भिंतीपलीकडून. आणि तिला गप्प करणं मला जमणार होतं. हे मी तेव्हा शब्दांत म्हटलं नाही. पण मला माहीत होतं. पुरतं माहीत होतं.

डावी अडली. बहुतेकांचं खातं असलेल्या एका बँकेची माणसं आली की चक्र फिरत राहायचं आणि शेवटी नकार यायचा. बाकीच्या दुकानदारांनी बोंब मारली, त्यांना मी लगेच उजवीवर परत नेलं. वहिनी उरली. मला वाटायचं, अजून थोडं दिसू दे, म्हणजे बैठकीत नीट मांडता येईल. पडद्यावर तिची गिऱ्हाइकं लाल ठिपके होऊन दिसत होती — पुन्हा प्रयत्न करत होती, पुन्हा, आणि मग निघून जात होती. पलीकडे टिंग बंद झालं होतं. भिंतीला कान न लावताही ते मला ऐकू येत होतं.

एका दुपारी ती दारात आली. हातात सुरी तशीच.

“भावजी, कायतरी बिघडलां काय? जरा बघशात?”

लाल ठिपके माझ्या समोर होते. मी पडदा किंचित वळवला.

“नाय वहिनी, सगळां बराबर आसा. लोक येतत, बघतत आणि जातत.”

ती मागे वळली. “म्हणजे माल आवडाक नाय लोकांका,” म्हणाली, आणि गेली. मी पाणी प्यायला गेलो तेव्हा ती ओट्यापाशी बसली होती. साठाचा एक तुकडा तोंडात धरून, डोळे मिटून, हळूहळू चावत होती. काय चुकलं ते शोधत होती. मी माठातलं पाणी प्यालो आणि माझ्या खोलीत आलो.

एवढंच असतं तर? एवढंच नाही.

चवथ झाली. डावीतला दोष सापडला, दुरुस्त झाला, बैठकीत माझं कौतुक झालं. वहिनीचं दुकान मी गुपचूप उजवीवर आणलं. पण जिथे पैसे अडकले त्या दुकानात माणूस पुन्हा येत नाही. आला नाहीच. साठं दमटली, दादानं ती गुरांपुढे टाकली. मग पुन्हा कौल — दुकान चालू ठेवायचं की नाही.

मीही गेलो होतो. देवळात फरशी गार होती, समईचा उजेड हलत होता, आणि मला सगळं पाण्याखालून बघावं तसं दिसत होतं. पुजाऱ्यानं गाऱ्हाणं घातलं — बाये, ह्या तुज्या लेकीन मोठ्या आशेन धंदो घातल्यान, तेका यश नाय. कोणाची नजर लागली आसात, कोणाचां वाकडां पावल पडलां आसात, तर तां सरळ कर.

अशा वेळी जमलेल्यांनी होकार द्यायचा असतो. मीही दिला. मोठ्यानं. “व्हय म्हाराजा.”

तोंड उघडायला तेवढी एक घटका होती. वाकडं पाऊल माझं, एवढं म्हणायचं होतं. मी पाकळ्यांकडे बघत राहिलो. उजवी पडू दे म्हणून देवीची विनवणी करत होतो — वहिनीसाठी? नाही. उजवी पडली असती तर मी सुटलो असतो.

डावी पडली.

वहिनीनं ती पाकळी उचलून डोळ्यांना लावली. बाहेर पायरीवर चप्पल घालताना म्हणाली, “बरां झालां, देवीन येळार सांगल्यान.” तिच्या आवाजात राग नव्हता. माझं खोटं देवीच्या नावावर गेलं, आणि वहिनीनं ते हात जोडून घेतलं. पुढच्या आठवड्यात ती कारखान्यात परत जायला लागली.

त्यानंतर एक स्वप्न मला अधूनमधून पडतं. चोपड्याचा काठ. धुकं. माणसं उभी आहेत, ओळखीची, बिनओळखीची. फेरी पलीकडे आहे आणि दोर माझ्या हातात आहे. मी सोडत नाही. कुणी ओरडत नाही. वहिनीही त्यांत उभी असते, आणि माझ्याकडे बघून हसते, कारण मी तिचा दीर आहे आणि दोर माझ्या हातात आहे म्हणजे सगळं ठीकच असणार.

कंपनीत आता सगळे डावीच वापरतात. तीच सगळ्यात चांगली वाट झाली.

गेल्या रविवारी आम्ही एकत्र जेवायला बसलो होतो. दादाची गौरी आता कॉलेजात आहे. लहानपणी तीच वहिनीच्या पाकिटांवर नावं चिकटवायची. जेवता जेवता म्हणाली, आई, साठांचं दुकान पुन्हा उघडूया, मी चालवते. वहिनी वाढत होती. तिनं मान हलवली. आमका तां फळाचां नाय, म्हणाली, देवीन तेवाच सांगल्यान.

गौरी माझ्याकडे वळली. “काका, तुम्ही सांगा हिला. ह्यातलं तुम्हालाच कळतं.”

दादा थांबला. वहिनी पळी हातात धरून थांबली. काळी बोटं, नखांच्या कडांपर्यंत काळी. सगळे माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, “आईचां ऐक.”

वहिनीनं माझ्या पानात आणखी भात वाढला.