धाकटीसाठी कॉलेज बघताना

माझ्या धाकट्या बहिणीचा मला हेवा वाटतो. हे मी घरात कधी बोलून दाखवलेलं नाही, पण आमचं घर तीन खोल्यांचं आणि माझा चेहरा काही पोटात ठेवणारा नाही. ती माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. ती झाली तेव्हा मला वाटलं होतं, चला, आपल्याला खेळायला कुणीतरी आलं. आली खरी, पण मोठी होऊन पळायला लागली ती नेमकी माझ्याच शर्यतीत. आठशे मीटर. बाईला दुसरी अंतरं दिसली नाहीत काय?

मीही आठशे पळायचे. गडमुडशिंगीच्या शाळेत होते तोवर माझ्या पुढं कुणाची पाठ मी बघितलेली नव्हती. बारावीनंतर कोल्हापुरातल्या एका मोठ्या कॉलेजात खेळाडू म्हणून प्रवेश मिळाला तेव्हा आबांनी गल्लीभर पेढे वाटले. कॉलेजला मोठं मैदान होतं, पाठीवर नाव छापलेला ट्रॅकसूट होता आणि माझ्याहून जोरात पळणाऱ्या दोन मुली होत्या. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला एका शर्यतीसाठी एका कॉलेजनं दोनच नावं पाठवायची असतात. मी तिसरी. दुसऱ्या वर्षीही तिसरी. शेवटच्या वर्षी त्या दोघींतली एक शिकून बाहेर पडली आणि मला वाटलं, आता आपण. तर जूनमध्ये सांगलीकडची एक नवी आली, उंच, लांब टांगांची. तिचा चेहरा मला आजही आवडत नाही, आणि त्या बिचारीनं माझं काहीही केलेलं नाही.

सरावाला सर हातात घड्याळ घेऊन शेवटच्या रेघेवर उभे असायचे. पहिली आली की बटण दाबायचे, दुसरी आली की पुन्हा दाबायचे. मी पोचायचे तेव्हा ते खाली मान घालून वहीत लिहीत असायचे. माणूस वाईट नव्हता, ताप आला तर विचारपूस करायचा. पण तिसऱ्या मुलीची वेळ घेऊन तो तरी काय करणार होता? तीन वर्षांत मी आठशे किती वेळात पळत होते हे मला कळलंच नाही. त्या ट्रॅकसूटला मी हात लावला तो एकदाच, एकीनं बाथरूमला जाताना सांभाळायला दिला होता तेव्हा. पदवी झाली, पळणं सुटलं. शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या ऑफिसात लागले, तिथंच आहे.

आणि मग यंदा धाकटी बारावी झाली.

जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत तिला एका कॉलेजच्या खेळाच्या सरांनी पळताना बघितलं आणि ‘आमच्याकडं ये’ म्हणून सांगितलं. कॉलेज छोटं, कागलच्याही पुढं, हायवे सोडून आत. आमच्या घरात त्यावर आठवडाभर खल झाला. चुलते म्हणाले, "कोल्हापूर उशाला असताना पोरगी खेड्यात घालतोस व्हय? लोक खेड्यातनं हिकडं येत्यात." आई म्हणाली, जेवणाचं काय? धाकटीला विचारलं तर ती म्हणायची, "आक्का म्हणंल तसं." या तिच्या ‘आक्का म्हणंल तसं’चा मला फार राग यायचा. एवढा विश्वास कुणी कुणावर टाकू नये. समोरच्याला अडचण होते.

शेवटी आबांनीच निकाल लावला. "तू बघून ये. हिला काय, मैदान दिसलं की झालं. तुला त्यातलं कळतंय. तू व्हय म्हटलीस तर घालू. न्हाय म्हटलीस तर तुझंच कॉलेज हाय की."

माझं कॉलेज. तिथं यंदा आठशेला तीन मुली होत्या. माझ्या बरोबरच्या एकीची भाची तिथंच शिकते, तिच्याकडून मला सगळं कळलेलं होतं. तिघीही माझ्या बहिणीहून वेगवान. म्हणजे ही तिथं गेली तर चौथी. हे घरात फक्त मला माहीत होतं, आणि मी ते कुणाला सांगितलं नाही. का सांगितलं नाही ते त्या वेळी मी स्वतःलाही विचारलं नाही.

ऑफिसला रजा टाकून मी गेले. फाट्यापर्यंत एसटी आणि पुढं वडाप. त्या जीपमध्ये आम्ही चौदा जण होतो. मांडीवर मेथीच्या पेंढ्या घेतलेल्या एका बाईनं विचारलं, "पावणं कुठलं?" मी म्हटलं, बहिणीसाठी कॉलेज बघायला आलेय. ती म्हणाली, "बघायसारखं काय हाय त्यात? दोन खोल्या नि एक झेंडा."

ते ऐकून मला बरं वाटलं. कॉलेज बघितल्यावर आणखी बरं वाटलं. दोन बुटक्या इमारती. शिकायला फक्त बीए आणि बीकॉम. ग्रंथालय म्हणजे सहा कपाटं, त्यांतल्या दोन कपाटांच्या किल्ल्या शिपायाकडं आणि शिपाई लग्नाला गेलेला. मुलींचं वसतिगृह म्हणजे बारा कॉट आणि गच्चीवर पाण्याची टाकी. प्रत्येक उणीव दिसली की माझ्या मनात कुणीतरी हळूच टाळी वाजवत होतं. मी मोबाइलमध्ये एकेक गोष्ट टिपून घेतली.

मैदान इमारतींच्या मागं होतं. मातीचं, दोनशे मीटरचं, तिन्ही बाजूंनी ऊस. पॅन्ट घोट्यापर्यंत दुमडलेला एक माणूस पाच मुलींना घेऊन खाली वाकून गाजरगवत उपटत होता. तेच सर. हात झाडत आले, "या, या पावणं," म्हणाले आणि पहिल्यांदा मैदानाचा दोषच दाखवला. एका वळणावर शेजारच्याचा बांध आत आलाय, त्यामुळं चार फेऱ्यांत सहा मीटर कमी पडतात. "म्हून आठशेची सुरुवातीची रेघ सहा मीटर मागं घेतल्या. टेपानं मोजलंय, तीनदा." मी तेही टिपून घेतलं. वाकडं मैदान.

मग त्यांनी वही दाखवली. साधी दोनशे पानी वही. प्रत्येक मुलीला काही पानं दिलेली. सकाळी उठल्यावरचे नाडीचे ठोके, रात्री किती झोप, काय खाल्लं, आणि पळण्याच्या वेळा. ठोके आणि खाणं मुलींनी आपापल्या अक्षरात लिहिलेलं, वेळा सरांच्या. मी मधलंच एक पान उघडलं. वर कोपऱ्यात लिहिलं होतं, ‘गटात पाचवी’. खाली चार महिन्यांच्या वेळा, एकही दिवस न चुकता. एके ठिकाणी वेळेच्या पुढं लिहिलं होतं, ‘आज पोटात दुखत होते, तरी दोन सेकंद कमी.’

मी विचारलं, "पाचवीची वेळ कशाला घेता?"

सरांना प्रश्नच कळला नाही. "म्हंजे? हैतच पाच जणी. एकीला सोडलं तर ऱ्हायलं काय?" मग म्हणाले, "आठशेला दोन नावं पाठवायला मिळत्यात. आमच्याकडं एकच हाय, बाकीच्या चौघी लांबच्या पल्ल्याच्या. दुसरी जागा तुमच्या भैणीची. यील तेव्हा यील."

त्या क्षणी बहीण माझ्या डोक्यात नव्हतीच. मला हेवा वाटला तो त्या पाचवीचा. त्या पाचांतली ती कोणती हेही मला माहीत नव्हतं, पण तिच्या पोटात दुखलेलं कुणीतरी लिहून ठेवलं होतं. मी सरांना विचारलं, तुम्ही इथं कधीपासून? ते म्हणाले, "चौदा वरसं झाली की." मी बारावी झाले त्याला नऊ वर्षं झालीत. म्हणजे मी त्या मोठ्या मैदानावर तिसरी येत होते तेव्हा हा माणूस आमच्या घरापासून दीड-दोन तासांवर, इथंच, पाचव्या मुलीची वेळ लिहीत बसलेला होता. अंगाची आग झाली. कुणावर चिडायचं तेही कळेना.

वही मी परत दिली आणि पुन्हा मागून घेतली. सर माझ्याकडं बघत होते. म्हणाले, "तुम्ही पळलेल्या दिसताय. उभ्या ऱ्हाण्यावरनंच कळतंय. मारा की चार फेऱ्या."

मी नको म्हणायला हवं होतं. सत्तावीस वर्षांची बाई, अंगात सलवार-कमीज, पायात चपला. पण मी ओढणी कमरेला बांधली, चपला बांधावर ठेवल्या आणि त्या सहा मीटर मागच्या रेघेवर जाऊन उभी राहिले. मुली हसत होत्या. पहिली फेरी झकास गेली. दुसरीला खडे टोचायला लागले, तिसरीला कुशीत कळ आली, आणि चौथीला मुली हसायच्या थांबून ओरडायला लागल्या. मी शेवटच्या रेघेवर पोचले तेव्हा सरांनी बटण दाबलेलं मला दिसलं. मी पोचल्यावर दाबलं. मग एक कोरं पान काढून त्यांनी वर लिहिलं, ‘पावणी, गडमुडशिंगी’, आणि खाली वेळ.

परतीच्या वाटेवर मला आनंद झाला असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. मला राग आला. फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते आणि एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. हे सगळं तिला मिळणार, अठराव्या वर्षी, हात पुढं न करता. ते मैदान, ती वही, तो माणूस. आणि मी तिला ते आणून द्यायचं. माझ्या हातानं.

घरी आले तेव्हा सगळे वाट बघत बसलेले. आबा म्हणाले, "हं, सांग."

मी मोबाइल काढून वाचून दाखवलं. मैदान मातीचं. दोनशेचंच, आणि तेही वळणावर वाकडं. वसतिगृहात बारा कॉट. दवाखाना लांब. पाचनंतर वडाप नाही. फक्त बीए, बीकॉम. ग्रंथालयाला कुलूप. यातला एक शब्द खोटा नव्हता. इतकं खरं मी आयुष्यात कधी बोलले नसेन.

"मग न्हायच म्हण की," आबा म्हणाले.

"न्हाय," मी म्हणाले.

धाकटी म्हणाली, "बरं, आक्का." एवढंच. उठली आणि ताटं घ्यायला गेली. मी नीट जेवले. घास गिळवत नव्हता वगैरे काही नाही. चांगली पोटभर जेवले.

चार दिवसांनी, संध्याकाळी धारेच्या वेळी, आबांचा फोन वाजला. आबांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि आमच्या घरात कुणाचंच काही खासगी राहत नाही. मी म्हशीपुढं वैरण टाकत होते. धाकटी डेअरीला दूध घालायला निघालेली, हातात किटली घेऊन गोठ्याच्या दारात उभी होती. फोनवर सर होते. प्रवेशाची मुदत परवा संपते, पोरीचं काय ठरलं, म्हणून विचारत होते.

आबा ओरडून म्हणाले, "थोरलीला काय पटलं न्हाय, सर!"

"असं व्हय?" सर म्हणाले. "मला वाटलं पटलं. त्या पळाल्या की हितं. चांगल्या चार फेऱ्या, अनवाणी. वही दोनदा मागून बघितली. आसू दे, तुमची मर्जी. मी परवापातूर जागा ठेवतो."

फोन बंद झाला. आबा माझ्याकडं बघत राहिले. बराच विचार करून त्यांनी आपल्यापुरतं उत्तर काढलं, आणि त्यांचा चेहरा एकदम मऊ झाला. "भैन लांब जाईल म्हून न्हाय म्हणालीस व्हय ग?"

मी मान हलवली. देवाशप्पथ, मी ‘व्हय’ म्हणून मान हलवली.

धाकटीनं किटली खाली ठेवली. "आक्का, तू पळालीस? किती लागली वेळ?"

"तीन अठ्ठावीस."

"अनवाणी? आणि सहा वरसांनी?" ती हसेल असं मला वाटलं होतं. ती म्हणाली, "लई बरी हाय की गं."

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. मी भांडल्यासारखी बोलले. म्हटलं, माझ्या कॉलेजात यंदा तीन मुली हायत, तिघी तुझ्याहून जोरात पळतात, नावं दोनच जातात, तू तिथं तीन वर्षं नुसती धावत बसशील. आणि त्या सरांकडं एक जागा रिकामी हाय. आबा म्हणाले, "मग तिथंच जाऊ दे की तिला!" आणि पुन्हा धारेला बसले, त्यांच्यापुरता विषय मिटला.

धाकटीचा मिटला नव्हता. ती माझ्याकडं बघत होती. हे सगळं मला चार दिवसांपूर्वीही माहीत होतं, हे तिच्या ध्यानात येताना मी बघितलं. आता ओरडेल, मी मनात म्हटलं. ओरडावं असं मला फार वाटत होतं. दोन कडक शब्द बोलली असती तर आमची फिटंफाट झाली असती.

ती आबांकडं वळली. म्हणाली, "आक्काला माझ्याबिगार करमत न्हाय, आबा. म्हून म्हणाली असंल." किटली उचलली आणि डेअरीच्या वाटेला लागली.

पाय तिला माझ्यापेक्षा चांगले मिळालेत हे मी कधीच मान्य केलं होतं. मनही मोठं मिळालंय हे मला त्या संध्याकाळी कळलं, आणि खरं सांगते, तिच्या पायांचा वाटला नसेल इतका हेवा मला त्याचा वाटला.