शेजारचं टेबल

चिकोरी घातलेल्या कॉफीचा वास आला की मला न्यू ऑर्लीन्सचा फ्रेंच भाग आठवतो. वीसेक वर्षांपूर्वी क्युपर्टिनोतल्या घरून मी तिथे एकटीच गेले होते, कुणाशीही न बोलता नदीवरच्या बोटी बघत बसायला. कॅफेत शेजारच्या टेबलावर एक काका-काकू होते. "एकटीच दिसतेय हो. नवऱ्याने सोडली असेल का?" काकूंनी खणखणीत मराठीत विचारलं. काकांनी दटावलं, "अगं, हळू बोल." "तिला काय कळतंय! मेक्सिकन असेल." मी ढिम्म हलले नाही. पण कॉफीने जीभ पोळली आणि तोंडून निघालंच, "आई गं!" मग काकूंची कुजबुज ऐकू आली, "मराठी निघाली! म्हणजे नक्कीच पळून आलीय." अजूनही बाहेर एकटी असताना चटका बसला, की मी आधी शेजारच्या टेबलाकडे बघते आणि मग बेताने म्हणते, "आउच."