चांगला पोरगा आहे जी

आमच्या गल्लीत पूर्वी घरोघरी माग होते. आता मागांच्या जागेवर कूलर आणि मोटारसायकली उभ्या असतात आणि पोरं गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या दुकानांत कामाला जातात. त्यातल्याच एकाने एका दुपारी दुकानातल्या सोबत्याच्या डोक्यात कापड मोजायचा लोखंडी गज घातला. सोबती वाचला, पण त्याचा एक डोळा गेला. त्या बिचाऱ्याने काहीच केलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकते.

पोराला वाटायचं, सोबती गिऱ्हाइकांशी बोलता बोलता त्याच्याविरुद्ध निरोप पाठवतोय. कोणाला, ते त्यालाही माहीत नव्हतं. पंखा आपलं नाव घेतो म्हणून तो पंखा बंद करून भर मे महिन्यात घामात बसायचा. हे सगळ्या गल्लीला दिसत होतं. तरी सरकारी मनोरुग्णालयात त्याला कोणी नेलं नाही. बहिणीची सोयरीक चालू होती ना! पागलखान्याची पायरी चढलेल्या घरातली पोरगी कोण करून घेणार? गल्लीने आपसात ठरवल्यासारखं एकच म्हणायला सुरुवात केली : 'गरम डोक्याचा आहे.' संपला विषय.

मी मनोरुग्णांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एका छोट्या मंचाची पत्रकं लिहिते आणि कोर्टाच्या फाटकावर वाटते. त्या ओळखीतून पोरासाठी वकीलबाई मिळाल्या. त्यांनी समजावलं की जुनीच तरतूद आहे, नव्या संहितेत फक्त कलमाचा आकडा बदललाय. कृत्य करताना मन इतकं बिघडलेलं असेल की आपण काय करतोय किंवा ते चूक आहे हेच कळत नव्हतं, तर तो गुन्हा ठरत नाही. तुरुंगाऐवजी उपचार मिळतात. पण हे सिद्ध करायचं कोणी? आरोपीने! ज्याचं डोकं जागेवर नव्हतं, त्यानेच ते त्या घटकेला जागेवर नव्हतं हे दाखवून द्यायचं. तुरुंगातल्या डॉक्टरांनी आजार लिहून दिला, पण तो अटकेनंतरचा. आधीचा एकही कागद नाही. उरली फक्त माणसं.

दारोदार फिरले. साक्षीला एकटी शेजारची काकू तयार झाली. वकीलबाईंच्या ऑफिसात तिने सगळं नीट सांगितलं, पंख्यासकट. आईला साक्षीदार करायचं तेव्हा ठरलंच नव्हतं. आईचं कोण खरं मानतं?

कोर्टात सरकारी वकिलाने काकूला सरळच विचारलं, "हा पागल होता का?"

काकूने पिंजऱ्यात उभ्या असलेल्या पोराकडे पाहिलं. मग मागच्या बाकावरच्या त्याच्या आईकडे.

"नाही जी. चांगला पोरगा आहे. मले कधी उलटून बोलला नाही."

बाहेर चहाच्या टपरीवर मी तिच्यावर ओरडलेच. "काकू, काय करून ठेवलंत हे?"

"काहून? चांगलंच बोलली ना मी."

"तो आजारी होता म्हणायचं होतं!"

"त्याची माय समोर बसून होती वं. तिच्या तोंडावर म्हणू, तुहा पोरगा पागल आहे? तू म्हणशीन. तुले कागद वाटाची सवय आहे."

ती वाईट बाई असती तर बरं झालं असतं. निदान तिच्याविरुद्ध एक पत्रक काढलं असतं.

मग नाइलाजाने आईला उभं केलं. लग्नात नेसायचं लुगडं नेसून आली होती. वकीलबाईंनी विचारलं, तो घरी कसा वागायचा?

"त्याच्या ताटातला पयला घास मी खात होती जी. मायच जहर कालवते असं वाटे त्याले. मी खाल्ल्याबिगर जेवत नव्हता."

"मग दवाखान्यात का नेलं नाही?" न्यायाधीशांनी विचारलं.

"पोरीचं लग्न व्हाचं होतं." मग कोणी न विचारता म्हणाली, "माहा पोरगा पागल आहे साहेब."

पोरगा तोवर औषधांनी बराच शांत झाला होता. सगळं ऐकत होता, समजत होता. त्यानंतर त्याने आईकडे एकदाही पाहिलं नाही.

निकालात लिहिलं : आई हितसंबंधी साक्षीदार; शेजारीण तटस्थ, ती आरोपीला ठणठणीत म्हणते; आरोपीने घटनेनंतर गज लपवला, म्हणजे आपण गुन्हा केला हे त्याला कळत होतं. सात वर्षं. निकालपत्रातली चूक शोधत मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. समोर आलं त्यावर लिहिलेलं होतं. समोर आलं नाही, त्याचं खापर मी कोणावर फोडू?

वकीलबाई अपिलाचं वकीलपत्र घेऊन तुरुंगात गेल्या, तेव्हा मी सोबत होते. पोराने सही न करताच कागद परत सरकवला.

"पुन्हा पागलच म्हणान ना? काकू खरी बोलली. जज साहेबानं बी मानलं. मी सात वर्षं काढतो."

"अरे, आजार म्हणजे लाज नाही," मी म्हटलं. हे आमच्या पत्रकातलं वाक्य.

"मंग तुह्या घरच्याच्या नावापुढं लाव ना ताई."

त्याची आई फाटकाबाहेर उभी होती. सही झाली नाही, हे मी तिला सांगितलं. पुढच्या मुलाखतीला मात्र स्वतः आत आली. काचेपलीकडे तो मान फिरवून बसलेला. हिने फोन कानाला लावला आणि तो उचलेपर्यंत तशीच उभी राहिली.

"मी कोर्टात खोटं बोलली, बाबू. वकीलबाईनं शिकवलं होतं. तू चांगलाच आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. खूप वेळ पाहिलं. मग कागद मागवून सही केली.

परत निघालो. ऑटोत ती माझ्या शेजारी बसली. मग माझ्या हाताला धरून म्हणाली, "हायकोर्टात माह्याच साक्षीवर बोलतीन ना वं बाई?"

"हो. तेवढीच साक्ष आहे आपल्याकडे."

"मंग त्या दिवशी त्याले तिथं आणू नका म्हणावं."