आयरिश फौजेत माझा नंबर

हे बघा, सांगतो, पण एका अटीवर. हसायचं तेवढं इथेच हसून घ्या. मंडळाच्या ग्रुपवर यातलं एक अक्षर जाता कामा नये, तिथे माझी इज्जत अजून शाबूत आहे. ओता चहा. आणि ती बिस्किटं जरा इकडे सरकवा, नुसतं आठवलं तरी दमायला होतं मला.

तर, मी आयर्लंडच्या सैन्यात गेलो.

झालं? लागलात हसायला? अहो, अजून सुरुवातसुद्धा नाही!

पूर्णवेळ नव्हे हो. राखीव दलात. आठवडाभर आपापली नोकरी करायची आणि एखाद्या संध्याकाळी, वीकेंडला कवायत. या देशात कुणालाही सक्तीने सैन्यात घेत नाहीत. सक्तीने भरती झालेला अख्ख्या आयर्लंडमध्ये मी एकटाच, आणि ती सक्ती माझ्या वडिलांची!

आमचं गाव साताऱ्याकडचं. घरटी एक तरी फौजी. आबा स्वतः सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. आणि त्यांचा एकुलता एक मुलगा काय करतो? डब्लिनजवळ लिक्सलिपला कॉम्प्युटरच्या चिपच्या कारखान्यात इंजिनिअर! गावात चारचौघांत त्यांना याची लाज वाटायची. लोकांना इंजिनिअर मुलगा मिरवावासा वाटतो, आमच्याकडे तो झाकून ठेवतात.

मागच्या उन्हाळ्यात आबा तीन महिन्यांसाठी इथे आले. मी कौतुकाने त्यांना कामावरचा माझा फोटो दाखवला. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा झगा, तोंडाला मास्क, फक्त डोळे उघडे. आबांनी चष्मा पुसून पुसून बघितला.

"वर्दी घातलीस म्हनायची," ते म्हणाले, "पर ढेकनाचं औषद मारनाऱ्याची."

लागलं हो मला ते! त्याच रात्री मी राखीव दलासाठी अर्ज ठोकून दिला. नागरिकत्व मिळालेलं होतं, वय अगदी काठावर का होईना बसत होतं. आबा परत जायच्या आत त्यांच्या घरातला फौजी त्यांना दाखवायचाच, एवढंच डोक्यात होतं. बायको, मुग्धा, म्हणाली, "अरे, नुसता कचऱ्याचा बिन बाहेर ठेवून आलास तरी तुला धाप लागते!" पण आबांचा चेहरा असा उजळला होता की शेवटी तिने नुसते हात जोडले.

कागदपत्रं, डॉक्टर, मुलाखत, सगळं सुरळीत पार पडलं. राहिली फक्त शारीरिक चाचणी. आणि ती नेमकी तेव्हाच बदललेली!

बदल काय झालाय ते सांगायला त्यांनी एका संध्याकाळी आम्हा उमेदवारांना बोलावलं. सांगणाऱ्या होत्या सार्जंटबाई. उंच, लाल केस, आवाज असा की पलीकडच्या रस्त्यावरच्या गाड्यांनी ब्रेक दाबावेत. त्यांनी समजावलं ते असं. पूर्वी गुण असायचे. जास्त जोर मारले, जास्त गुण. जोरात पळालात, आणखी गुण. आता गुण बंद! प्रत्येक प्रकाराला एक ठरलेली रेघ. रेघेपर्यंत पोचलात की पास, पुढे गेलात तरी तेवढंच. मात्र सगळे प्रकार एकामागोमाग एक, मधे विश्रांती नाही. आणि शेवटी एक नवा प्रकार, पाण्याने भरलेले दोन मोठे कॅन दोन हातांत धरून मैदान पार करायचं. एकात नापास, तर सगळ्यात नापास.

"रेघ गाठा आणि थांबा," सार्जंटबाई म्हणाल्या. "इथे कुणाला मेडल मिळणार नाहीये."

आता मला सांगा, यात न कळण्यासारखं काही आहे का? शेंबड्या पोराला कळेल. बाकी सगळ्यांना कळलं.

पण मी पुण्यात इंजिनिअरिंग केलंय! आमच्या हॉस्टेलवर एक जण परीक्षेच्या आदल्या दिवशी म्हणायचा, "माझं काही झालंच नाही रे, पास झालो तरी खूप." तो विद्यापीठात पहिला आला. तेव्हापासून 'पास झालं की पुरे' असं कुणी म्हणालं की मी सावध होतो. यात काहीतरी डाव असतोच.

घरी येऊन आबांना सांगितलं, तर ते मिशीतल्या मिशीत हसले.

"आरं खुळ्या, गुन कदी बंद असत्यात व्हय? सांगत न्हाईत, येवढंच. सगळी जिथं थांबत्यात, तितनं फुडं कोन जातंय, त्ये बगत्यात!"

"आबा, अहो, तिथे स्पष्ट सांगितलंय की—" मुग्धाने सुरुवात केली.

"सूनबाई, मी फौजेत जल्म काडला. तुमी औषदाच्या कंपनीत हायसा."

विषय संपला. दुसऱ्या दिवसापासून मागच्या अंगणात माझं प्रशिक्षण सुरू. आडव्या पावसात मी चिखलात जोर मारतोय आणि आबा माझ्याच छत्रीखाली उभे राहून मोजतायत. शेजारच्या आयरिश आजींनी कुंपणावरून दोनदा डोकावून बघितलं. तिसऱ्यांदा त्यांनी मुग्धाला बाजूला घेऊन हळूच विचारलं, याने घरात काही गुन्हा वगैरे केलाय का?

चाचणीचा दिवस उजाडला. क्लोनडॉकिनच्या बाजूचं एक मैदान. मुग्धा आणि आबा कडेला बाकावर. आबांनी खास कोट घातलेला, छातीवर त्यांची पदकं. माझ्या शेजारी रांगेत कॉनर नावाचा गृहस्थ होता, स्वोर्ड्सला एका ऑफिसात एचआर मॅनेजर. त्याचं पोट त्याच्या दोन पावलं पुढे चालायचं. त्याच्याकडे बघून मला वाटलं, चला, एक तरी आपल्या खाली आहे.

जोर सुरू झाले. सार्जंटबाई मोजतायत. रेघेचा आकडा आला आणि कॉनर धपकन खाली बसला. मनात म्हटलं, गेला बिचारा! मग पलीकडचा बसला. मग एक मुलगी बसली, ती तर चांगली धट्टीकट्टी होती. पटापटा सगळे बसले आणि मी एकटा चालूच!

काय सांगू तो आनंद! कानात तुताऱ्या वाजायला लागल्या हो! इतके गोरे धिप्पाड लोक गारद, आणि साताऱ्याचा गडी उभा, म्हणजे आडवा, पण चालू!

"दॅट्स ग्रँड, स्टॉप देअर," सार्जंटबाई म्हणाल्या.

अच्छा! परीक्षा बघताय? मी आणखी मारले.

"यू कॅन स्टॉप नाऊ!"

बाकावरून आबा ओरडले, "थांबू नगं! हानऽऽ!"

सार्जंटबाई तिसऱ्यांदा काहीतरी म्हणाल्या, मग सोबतच्या जवानाकडे वळून माझ्याकडे बोट दाखवलं, "युअर मॅन ओव्हर देअर, इज ही ऑल राइट?" 'युअर मॅन' म्हणजे इथल्या बोलीत 'तो पलीकडचा गडी'. मला वाटलं, चर्चा सुरू झाली आपली! वरपर्यंत नाव जाणार!

मग पळणं. सगळे आपले रमतगमत, गप्पा मारत चाललेले. कॉनर तर कालच्या मॅचबद्दल बोलत होता. मी वाघ मागे लागल्यासारखा सुटलो. पहिला आलो, आणि आबांनी बाकावरून बोटानेच 'अजून एक' अशी खूण केली, म्हणून एक फेरी जास्त मारली. कुणीही न मागता!

ती फेरी संपवून आलो तर बाकीचे कॅनपाशी उभे होते, ताजेतवाने. मी विजयी मुद्रेने दोन्ही कॅनच्या मुठी धरल्या आणि उचलले.

म्हणजे, उचलायला गेलो. कॅन जागचे हलेनात.

हात माझेच होते, खांद्याला लागलेलेही होते, पण माझं ऐकत नव्हते. पुन्हा जोर लावला. एक कॅन वीतभर वर आला, बोटांतून सुटला आणि त्याच्या मागोमाग मीही गेलो. माझ्या शेजारून कॉनर दोन्ही कॅन घेऊन मंडईतून भाजी आणल्यासारखा आरामात निघून गेला. जाताना म्हणालासुद्धा, "गुड मॅन!"

सार्जंटबाई वाकून म्हणाल्या, "सॉरी. नापास."

"पण मी पळण्यात पहिला आलो!"

"ती शर्यत नव्हती."

"आणि जोर? सगळ्यांत जास्त मीच मारले!"

"मी तुला तीनदा थांब म्हणाले," त्या शांतपणे म्हणाल्या. "आमच्याकडे त्याला हुकूम म्हणतात."

बाकी सगळे पास. एकूण एक! जो सगळ्यांत जास्त पळाला आणि ज्याने सगळ्यांत जास्त जोर मारले, तो एकटा नापास. जगातल्या कुठल्याही परीक्षेत असा निकाल लागला नसेल.

घरी आल्यावर आबांनी कोट काढून नीट घडी करून ठेवला आणि स्वतः चहा केला. मला फार वाईट वाटलं. नापास झालो म्हणून नाही, तो कोट त्यांनी पार साताऱ्याहून आणला होता म्हणून. एवढ्या मोठ्या माणसाने पदकं लावून माझा तमाशा बघितला.

चहाचा कप माझ्यापुढे ठेवून म्हणाले, "हुकूम मोडाय मीच लावला तुला. सुभेदार आसून."

पुन्हा चाचणी द्यायची मुभा होती, तीन आठवड्यांनी. त्यानंतरच्या सोमवारी आबांचं विमान. म्हणजे ही एकच संधी, पुढे जे काय होईल ते आबांना फोनवर ऐकावं लागणार.

आता सूत्रं मुग्धाने हातात घेतली. तिचं प्रशिक्षण साधं होतं. आकडा झाला की थांबायचं.

तुम्हाला सोपं वाटतं? करून बघा! लहानपणापासून आपल्याला कुणी थांबायला शिकवलंय का? अठ्ठ्याण्णव मिळाले तर दोन कुठे गेले, असं विचारणाऱ्या घरातले आपण! मी आकडा झाल्यावर हळूच एक जोर जास्त मारायचो आणि मुग्धा ओरडायची, "चोरून मारलास! बघितलं मी!" आबासुद्धा आता तिच्याच बाजूने. मला थांबवता थांबवता त्यांचीच जीभ घसरायची. "आनखी दो—" म्हणायचे आणि स्वतःच तोंडावर हात ठेवायचे.

दुसऱ्यांदा गेलो तर मैदानात कॅन मांडायला कोण? कॉनर! वर्दीत! पोट बटणांशी भांडत होतं, पण वर्दी ती वर्दी. आबा त्या वर्दीकडेच बघत राहिले.

जोर सुरू झाले. रेघ आली. सार्जंटबाई माझ्याकडे डोळे वटारून बघतायत. दंडात अजून ताकद होती, मन म्हणत होतं, एक तरी, फक्त एक! दात-ओठ खाल्ले आणि बसलो. मुग्धाने बाकावरून अशा टाळ्या वाजवल्या, जणू मी मॅचच जिंकली!

पळताना सगळे माझ्या पुढे गेले. जाऊ दिले. एक बाई बुटाची नाडी बांधायला थांबल्या, त्यासुद्धा नंतर पुढे गेल्या. काय यातना झाल्या ते माझं मला ठाऊक!

आणि कॅन? उचलले हो! दोन्ही! रडतखडत, वाकत, दर चार पावलांना देवाचं नाव घेत, पण मैदान पार केलं. रेघेपलीकडे ठेवले आणि सार्जंटबाई म्हणाल्या, "पास. वेलकम."

मी आबांकडे बघितलं. ते बाकावरून उठले होते. कोटाचं बटण लावलं, टाचा जुळवल्या आणि सार्जंटबाईंना कडक सॅल्यूट ठोकला. त्यांनी छातीवरची पदकं बघितली, ताठ उभ्या राहिल्या आणि तितक्याच कडकपणे सॅल्यूट परत केला. एकमेकांचं एक अक्षर कळत नव्हतं त्यांना. मी सरळ रडलो. लपवायचं कशाला? मुग्धाही रडली. कॉनरनेसुद्धा नाक शिंकरलं, पण त्याला सर्दी असावी.

इथे किस्सा संपायला हवा होता, नाही का? संपला असता, मी तोंड बंद ठेवलं असतं तर.

सगळे निघाल्यावर मी हळूच सार्जंटबाईंना गाठलं. म्हटलं, "सहज विचारतो हं. माझा नंबर कितवा आला?"

त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "नंबर नसतो."

"हो हो, मान्य. पण समजा असता, तर?"

त्यांनी उसासा टाकला. "शेवटचा."

गाडीशी आबा वाटच बघत होते. "इचारलास का नंबर?"

आता काय करणार! म्हटलं, "दहावा, आबा."

खोटं नव्हतं. आम्ही दहाच जण होतो. किती जणांत, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आबा परत गेले आणि आठवड्याच्या आत गावच्या चौकात फ्लेक्स लागला. 'आयर्लंडच्या फौजेत पहिल्या दहात! हार्दिक अभिनंदन!' खाली अख्ख्या भावकीचे चेहरे. आणि मधोमध माझा मोठ्ठा फोटो. जाताना आबांनी मुग्धाच्या मोबाइलमधून स्वतः निवडून नेलेला, पहिल्या चाचणीतला. मी दोन कॅनच्या मधे पालथा पडलोय, तोंड गवतात. फोटोखाली लिहिलंय, 'जोर मारताना आपला वाघ.'

चुलतभाऊ सांगत होता, गावातली पोरं विचारतात, जोर मारताना तोंड गवतात का खुपसलंय? आबा मिशीवरून हात फिरवतात आणि म्हणतात, "तिकडं टेस्ट बदललीया आता."